हिटलर जवळजवळ नसलेलं पुस्तक

आमच्याकडे शाळेतल्या कडक हेडमास्तरांना हिटलर म्हणतात. बँकेतल्या मॅनेजरला म्हणतात, एखाद्याच्या सासूला म्हणतात, आखूड मिशी असली तर विचारायलाच नको. नाक्यावर चहा पिताना हायवेच्या खड्ड्यांवरून विषय निघाला की थोड्या वेळाने कोणीतरी म्हणणारच, या देशाला ना एक हिटलर पाहिजे, सगळे सुतासारखे सरळ होतील. आणि असं बोलणारा माणूस वाईट नसतो हो, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला रात्री दोनला उठून जाणारा असतो. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर हिटलरचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, स्पर्धा परीक्षेची गाईडं आणि श्रीमंत कसं व्हावं छापाची पुस्तकं यांच्या मध्ये ठेवलेलं असतं. त्याच्या छळछावणीतून जिवंत सुटलेल्या माणसाचं पुस्तक मात्र मला ऑनलाईन मागवावं लागलं, तेही इंग्रजीत.

ते पुस्तक म्हणजे प्रीमो लेवीचं ‘इफ धिस इज अ मॅन’. लेवी इटलीतल्या तुरीनचा, जन्म १९१९ चा, डिसेंबर १९४३ मध्ये पकडला गेला, फेब्रुवारी १९४४ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत नेला आणि जानेवारी १९४५ मध्ये कॅम्प सुटेपर्यंत तिथे जिवंत राहिला. मी घेतलं ते तो केमिस्ट होता म्हणून. मी पण बीएस्सी केमिस्ट्री, अलिबागजवळच्या एका केमिकल प्लँटच्या लॅबमध्ये नोकरी, शिफ्ट ड्युटी, सॅम्पल आलं की टायट्रेशन, रिपोर्ट, परत पुढचं सॅम्पल. म्हटलं आपल्या लाईनचा माणूस काय लिहितो बघू तरी. पावसाळ्यात नाईट करून आल्यावर दुपारी झोप लागत नाही, तेव्हा थोडं थोडं करून वाचलं.

साठ लाख ज्यू मारले हे शाळेपासून माहीत होतं. ऑशविट्झमध्येच सुमारे ११ लाख माणसं मेली हेही कुठेतरी वाचलेलं. मी एकदा हिशोब पण केलाय, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिन्ही जिल्हे मिळून २०११ च्या जनगणनेत साधारण ५१ लाख माणसं, म्हणजे मांडव्यापासून बांद्यापर्यंत एक माणूस शिल्लक राहणार नाही आणि तरी आकडा पुरा व्हायचा नाही. पण असा हिशोब करून पण काय होतं, दोन मिनिटं सुन्न वाटतं आणि मग जेवायला हाक येते. सिनेमे पण बघितलेत, चांगले असतात, पण सिनेमात व्हायोलिन वाजतं आणि आपल्याला कळतं की आता रडायचंय.

लेवी रडत नाही. कोर्टात साक्ष द्यायला उभा राहिल्यासारखा सरळ सांगतो आणि मोजून सांगतो. त्याच्या गाडीत साडेसहाशे माणसं होती. त्याच्या डब्यात, मालगाडीचा डबा तो, पंचेचाळीस, त्यातली चार घरी परतली. साडेसहाशेपैकी शहाण्णव पुरुष आणि एकोणतीस बायका कॅम्पमध्ये कामाला घेतल्या, बाकी पाचशेहून जास्त माणसं, लहान मुलं म्हातारे सगळे, दोन दिवसांत संपलेले होते. आणि या आकड्यांच्या आधी एक परिच्छेद आहे, इटलीतल्या कॅम्पमधली शेवटची रात्र. सगळ्यांना कळलंय की उद्या गाडी जाणार आणि ती कुठल्या प्रकारची जागा आहे याचा अंदाज पण आलाय. कोणी दारू पितोय, कोणी प्रार्थना करतोय. आणि आया काय करतायत तर प्रवासाचं खाणं बांधतायत, पोरांना आंघोळी घालतायत, आणि सकाळी काटेरी तारांवर पोरांचे धुतलेले कपडे वाळत पडलेत. लेवी वाचणाऱ्याला विचारतो की तुम्ही वेगळं काही केलं असतं का. मी तिथे पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या घरी पण ट्रेन पकडायची असली की आदल्या रात्री हेच चालतं, दशम्या आणि पोरांचे कपडे.

पुढे एक चमच्याची गोष्ट येते. कॅम्पमध्ये आलेल्याला वाडगा मिळायचा, चमचा नाही. जेवण म्हणजे पातळ सूप, ते चमच्याशिवाय म्हणजे चाटून पिणं आलं. चमचा पाहिजे तर स्वतःच्या वाट्याच्या पावातून विकत घ्यायचा, पाव हाच तिथला पैसा. मला वाटलं लढाई चालू, टंचाई असणार. पण १९८६ च्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात लेवीने सांगितलंय की कॅम्प सुटल्यावर तिथल्या गोदामात हजारो नवेकोरे प्लॅस्टिकचे चमचे सापडले, शिवाय आलेल्या लोकांच्या सामानातून काढून घेतलेले ॲल्युमिनियमचे, स्टीलचे, चांदीचे, ते वेगळेच. आता मी स्टोअरशी रोज भांडणारा माणूस आहे. माल नसणं वेगळं आणि माल असून इश्यू न करणं वेगळं. इश्यू करायचा नाही हे कोणीतरी ठरवलेलं असतं, त्यामागे एक टेबल असतं, टेबलामागे एक माणूस असतो. छळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चाबूक येतो, इथे तो स्टोअरमधून चालला होता.

असं बरंच आहे. बूट. लाकडी तळाचे, मापाचे नाहीत, दोन पाय दोन मापांचे असू शकतात. बुटाने जखम झाली की पाय सुजतो, पाय सुजला की चालताना मागे पडतो, मागे पडला की मार, मग दवाखाना, आणि दवाखान्यातून कुठे ते सगळ्यांना माहीत. सूपच्या लाईनीत पुढे जायचं नाही कारण वरचं नुसतं पाणी, थोडं मागे राहायचं म्हणजे तळाचं बटाट्याचं येतं, पण फार मागे पण नाही. अंथरूण असं सपाट घालायचं की एक सुरकुती दिसता कामा नये, त्यावरून मार. नाक्यावरच्या मंडळींना जी शिस्त पाहिजे असते ना, ती इथे भरपूर आहे, शिस्तीला काही तोटा नाही.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. लेवी ज्या कॅम्पमध्ये होता तो ऑशविट्झचाच एक भाग, मोनोविट्झ, आणि तो उभा केला होता एका प्लँटसाठी. आयजी फार्बेन नावाची कंपनी, तिला तिथे बुना म्हणजे कृत्रिम रबर बनवायचं होतं. हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. कारण आयजी फार्बेन म्हणजे १९२५ मध्ये एकत्र आलेल्या जर्मन केमिकल कंपन्या आणि त्यात बीएएसएफ होती, जिने १९१३ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायचा जगातला पहिला मोठा प्लँट चालवला. हाबर-बॉश पद्धत, दोघा शास्त्रज्ञांच्या नावाची. कॉलेजात आम्ही हे घोकलंय, त्याच केमिस्ट्रीवर आज युरियाचं पोतं भरतं आणि आपल्याकडची भातशेती उभी राहते. तो हाबर स्वतः जन्माने ज्यू, नोबेलवाला, १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेला. आणि सायक्लॉन बी, ज्याने गॅस चेंबरमध्ये माणसं मारली, ते मूळचं किडे मारायचं औषध, त्याच्या इन्स्टिट्यूटमधल्या कामातूनच पुढे आलेलं, आणि ते विकणाऱ्या कंपनीत आयजी फार्बेनचा मोठा हिस्सा होता. एका लायनीत अमोनिया पण आहे आणि हे पण आहे. सिलॅबसमध्ये अमोनियाच होता.

तर ही कंपनी एसएसला, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या हिटलरच्या संघटनेला, कैद्यांचे पैसे भरायची. साध्या कामाच्या कैद्याचे दिवसाला तीन मार्क, कसबी असेल तर चार. कैद्याला यातलं काही नाही, लेबर सप्लायचं बिल म्हणा ना. चाळीस हजार परदेशी माणसं त्या साईटवर काम करायची, पंधरा-वीस भाषा, आणि त्यात लेवीच्या कॅम्पचे दहाएक हजार. फोरमन होते, इंजिनीअर होते, गेट होतं, भोंगा होता. आणि एवढं करून त्या प्लँटमधून रबर किती निघालं तर एक किलो पण नाही. कधीच नाही.

ऑक्टोबर १९४४ मध्ये कॅम्पमध्ये निवड होते, कोण गॅसला जाणार त्याची. नागव्याने थंडीत काही पावलं धावत यायचं, हातातलं कार्ड एसएसच्या माणसाला द्यायचं, तो एका नजरेत बघून ते डावीकडे देतो नाहीतर उजवीकडे. दोनशे माणसांची बराक तीन-चार मिनिटांत उरकली. बारा हजारांचा अख्खा कॅम्प एका दुपारी. मी आपोआप भागाकार करायला लागलो, माणसामागे एक सेकंदाच्या आसपास येतं, आणि मग थांबलो. त्या रात्री कुन नावाचा म्हातारा बंकवर बसून मोठ्याने देवाचे आभार मानतो की आपण वाचलो, आणि बाजूच्याच बंकवर वीस वर्षांचा पोरगा दिव्याकडे बघत पडलाय ज्याला परवा जायचंय आणि ते त्याला माहितीय. अख्ख्या पुस्तकात लेवीचा आवाज चढतो तो इथे, त्या प्रार्थनेवर.

आणि हिटलर? शोधून बघा. जवळजवळ नाहीच. आहेत ते वॉर्डर, स्टोअरकीपर, केमिस्ट, बिल पास करणारे. आपण एका मिशीवाल्या माणसावर सगळं टाकून मोकळे होतो आणि म्हणूनच नाक्यावर त्याला बोलावत पण बसतो, कारण आपल्याला वाटतं तो एकटा येईल आणि फक्त खड्डे बुजवेल.

लेवी वाचला त्याची कारणं तो स्वतःच देतो आणि त्यात नशीब सगळ्यात वर. एक इटालियन गवंडी, लोरेन्झो, कैदी नाही तर सिव्हिलियन कामगार, सहा महिने रोज त्याला आपल्यातलं सूप आणून देत होता, बदल्यात काही न घेता. आणि दुसरं म्हणजे केमिस्ट्री. कैद्यांतून केमिस्ट पाहिजे होते म्हणून त्याची तोंडी परीक्षा झाली, डॉक्टर पान्विट्झ नावाचा माणूस टेबलामागे, समोर हा, उपाशी, घाणेरड्या कपड्यात, आणि विषय ऑरगॅनिक केमिस्ट्री. व्हायवा! परत येताना सोबतच्या कापोचा, म्हणजे कैद्यांतूनच नेमलेल्या मुकादमाचा, हात ग्रीसने बरबटतो तर तो लेवीच्या खांद्याला हात पुसतो. रागाने नाही, चेष्टेने पण नाही, फडकं जवळ होतं म्हणून. लेवी म्हणतो मी या माणसाचा न्याय त्या एका हात पुसण्यावरून करतो.

मग लॅब. उबदार लॅब, काचसामान, वासही ओळखीचा. तिथे काम करणाऱ्या मुली नाक मुरडायच्या कारण कैद्यांना वास यायचा. त्यातली एक ख्रिसमसला घरी जाणार म्हणून खुश आहे आणि म्हणते, हे वर्ष किती पटकन गेलं. त्याच वर्षात त्याच्या गाडीतली बहुतेक माणसं धूर होऊन गेलेली. ती मुलगी दुष्ट नाही. मला ती फार ओळखीची वाटली, लॅबमध्ये असंच बोलतो आम्ही.

त्याच्या ‘द पिरिऑडिक टेबल’ या दुसऱ्या पुस्तकात याच लॅबमधली एक चोरी आहे, ती तर मी शिफ्टमधल्या सगळ्यांना सांगितली. बरणीत चाळीस छोट्या कांड्या सापडतात, सीरियम आणि लोखंडाच्या, म्हणजे लायटरचा खडा ज्याचा असतो तो मिश्रधातू. तो आणि त्याचा मित्र आल्बेर्तो रात्री पांघरुणाखाली त्या तासून बारीक करतात, ठिणगी उडाली की पेंढ्याची गादी पेटणार, तरी. एका कांडीचे तीन खडे, चाळीसचे एकशेवीस. एक खडा म्हणजे एका दिवसाचा पाव. दोघांचे दोन-दोन महिने. रशियन तोवर येतील असा हिशोब, आणि खरंच २७ जानेवारीला आले. पण त्याआधी जर्मनांनी चालू शकणाऱ्यांना पायी हाकललं त्यात आल्बेर्तो गेला आणि परत आला नाही. लेवीला नेमका स्कार्लेट फीव्हर झाला होता म्हणून तो दवाखान्यात मागे राहिला. तापाने वाचला.

आता अलिबागकर म्हणून एक सांगायचंय. आमच्या गावात इस्राएल आळी आहे. बेने इस्राएल लोक, शनवार तेली म्हणायचे त्यांना, कारण घाण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. त्यांची कथा अशी की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष सात बायका वाचल्या. आडनावं बघाल तर नवगावकर, पेणकर, दिवेकर. मलिद्याला, म्हणजे त्यांच्या देवाचे आभार मानायच्या विधीला, गोड पोहे आणि ओलं खोबरं. १९४८ नंतर बरेचसे इस्राएलला गेले आणि तिथे जाऊन पण ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिक काढत राहिले. ज्यू म्हटलं की माझ्या पिढीच्या अलिबागकराला पहिलं हेच आठवतं, शेजारी. लेवी वाचताना मला सारखे ते आठवत होते, कारण लेवी पण तसाच, तुरीनकर. घरात इटालियन, शाळेत इटालियन, डोंगर चढायचा नाद, धर्माचं फारसं काही नाही. १९३८ मध्ये मुसोलिनीने कायदे केले आणि सरकारने त्याला सांगितलं की तू इटालियन नाहीस, ज्यू आहेस. १९४१ ची त्याची डिग्री, तिच्यावर पण ज्यू वंशाचा असा शेरा आहे. बास, एवढ्याने सुरू झालं, सर्टिफिकेटवरच्या एका ओळीने. आमच्या नवगावकरांना इथे कोणी असा कागद दिला नाही, याचा अभिमान वाटतो तो वाटतोच, लपवत नाही.

कॅम्पमध्ये लेवीला एक स्वप्न परत परत पडायचं. तो घरी पोचलाय, बहीण आहे, मित्र आहेत, तो सगळं सांगतोय आणि कोणी ऐकतच नाहीये, आपापसात दुसरंच काही बोलतायत, आणि बहीण उठून निघून जाते. गंमत नाही, आल्बेर्तोला सांगितलं तर तो म्हणाला मलाही हेच पडतं, आणि बऱ्याच जणांना पडायचं. आणि झालं पण साधारण तसंच. मोठ्या प्रकाशकाने पुस्तक परत केलं, १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या, त्या पण सगळ्या खपल्या नाहीत. १९५८ मध्ये त्याच मोठ्या प्रकाशकाने ते पुन्हा छापलं, मग जगभर गेलं.

हे वाचल्यापासून माणगावला गाडी अडकली की (आणि माणगावला गाडी अडकतेच) मला यशवंत घाडगेंचा पुतळा वेगळा दिसतो. पळसगावचा पोरगा, लेवीपेक्षा दोन वर्षांनी लहान, मराठा लाईट इन्फन्ट्रीत नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्या दिवशी लेवी बुनाच्या प्लँटमध्ये ओझी उचलत होता. कोकणातली किती पोरं त्या लढाईत होती, इटलीत, आफ्रिकेत, सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत. आपल्याकडे त्यांचे पुतळे आहेत, शिळा आहेत, गावात लष्करी पेन्शनरांची घरं आहेत. पण कैदेत काय खाल्लं, बूट कसे होते, शेजारचा कसा मेला, हे लिहिलेलं जवळजवळ काही माझ्या हाताला लागलेलं नाही. लहानपणी जे म्हातारे बघितले ते इटलीबद्दल बोलायचे तर थंडीबद्दल बोलायचे, फार तर द्राक्षांबद्दल. आम्ही पण पुढचं विचारलं नाही, पोरांना बंदुकीत इंटरेस्ट.

आणि लेवी तर असं म्हणतो की मी पण पुरता साक्षीदार नाही. जे तळाला गेले, ज्यांनी सगळं बघितलं, ते परत आलेच नाहीत, आम्ही परत आलेले म्हणजे अपवाद, आम्ही त्यांच्या वतीने सांगतोय. म्हणजे हे एवढं सगळं वाचून आपण बघितलेलं पण वरवरचंच. सूपच्या वरचं पाणी.

बुनामधल्या जर्मन केमिस्टचं पुढे काय झालं ते पण ‘पिरिऑडिक टेबल’मध्ये आहे, व्हॅनेडियम नावाच्या प्रकरणात. लॅबवाल्यांनी इथूनच सुरुवात केली तरी चालेल. लढाईनंतर लेवी पेंटच्या कारखान्यात. जर्मनीहून आलेलं रेझिन खराब निघतं, पेंट सुकत नाही. झाली कंप्लेंट, पत्रव्यवहार, आपल्याकडे होतो तसाच, आमचं प्रॉडक्ट ओके आहे तुमचीच प्रोसेस तपासा. आणि समोरच्या डॉक्टर म्युलरच्या पत्रात ‘नॅप्थेनेट’च्या जागी ‘नॅप्टेनेट’ असं स्पेलिंग. लेवीला आठवतं की बुनाच्या लॅबमध्ये एक म्युलर होता आणि तो असाच उच्चार करायचा. तोच निघतो! या म्युलरने कॅम्पमध्ये लेवीला अहोजाहो केलं होतं, चामड्याचे बूट मिळवून दिले होते, एक जास्तीची दाढी मंजूर केली होती, आणि विचारलं होतं की तुम्ही एवढे अस्वस्थ का दिसता. ऑशविट्झमध्ये! दोघांची पत्रं सुरू होतात, एकीकडे रेझिनची ऑफिसची, दुसरीकडे खाजगी. आणि म्युलर लिहितो की ज्यूंना मारायचा काही प्रकार चालू आहे असं मला कधी दिसलं नाही, तो कारखाना तर ज्यूंना वाचवण्यासाठीच बांधला होता. खोटं बोलत नाहीये तो, त्याला तसंच वाटतंय, हेच तर वाईट. प्रेतं जाळायच्या चिमण्यांचा धूर त्या साईटवरून दिसायचा. भेटायचं ठरतं आणि भेटीआधीच म्युलर वारतो.

‘पिरिऑडिक टेबल’ सध्या आमच्या क्यूसीमधल्या एका पोराकडे आहे. त्याला म्हटलं आधी व्हॅनेडियम वाच, छोटं आहे. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला आला आणि पहिला प्रश्न काय, दादा, मग त्या रेझिनच्या लॉटचं काय केलं, रिजेक्ट केला की घेतला? मी पण वाचताना आधी तेच शोधत होतो.